नाक्यावरून शहर : प्रवासवर्णन, छायाचित्र आणि रोजची हकीकत

१

नंदुरबार शहरात कोरीट नाका या नावाने ओळखले जाणारे एक ठिकाण आहे. कोरीट हे नंदुरबार तालुक्यातीलच एक गाव. त्या गावाकडे जाणारी वाट शहराच्या ज्या कडेवरून निघते, त्या कडेला शहराने गावाचे नाव दिले. स्थलनामांचा अभ्यास करणाऱ्याला ह्यात नवल वाटावयाचे नाही. दिल्लीच्या तटाला अजमेरी आणि काश्मिरी दरवाजे आहेत, पुण्याच्या शनिवारवाड्याला दिल्ली दरवाजा आहे, औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, तटाला पैठण दरवाजा आहे. मात्र दरवाजा आणि नाका ह्या दोन शब्दांत एक भेद आहे. दरवाजाला नाव मिळते ते बहुधा दूरच्या राजधानीचे किंवा क्षेत्राचे. त्यात शहराची प्रतिष्ठा दिसते. नाका म्हणजे मुळात वाट अडवून माल तपासण्याची, कर घेण्याची जागा. त्याच्या नावात बहुधा रोज ज्या बाजूने माणूस आणि माल येतो ती बाजू नोंदलेली असते. शहराचा ज्याच्याशी नित्य संबंध येतो, त्याची ही एका शब्दाची कबुलीच होय.

ह्या कबुलीकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष गेले ते एका लहानशा प्रसंगामुळे. पदव्युत्तर वर्गाला एकदा ‘मला माहीत असलेले शहर’ ह्या विषयावर एक पानभर लिहावयास सांगितले होते. बहुतेकांनी पुणे, मुंबई किंवा नाशिक यांवर लिहिले. जवळच्या खेड्यातून दररोज बसने येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मात्र कोरा कागद परत दिला. कारण विचारता तो म्हणाला, “सर, मी शहरात राहत नाही. येतो आणि जातो.” उत्तर प्रामाणिक होते, परंतु त्यामागे एक समजूत होती, आणि ती एकट्या त्या विद्यार्थ्याची नव्हती. शहराचे वर्णन करण्याचा अधिकार शहरात राहणाऱ्याला असतो, अथवा दुरून मुद्दाम पाहावयास आलेल्याला असतो. जो रोज येतो आणि जातो त्याला तो नसतो, ही ती समजूत.

ही समजूत कोठून आली आणि ती कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. शहराच्या जीवनाविषयी आपणांस जी साधने उपलब्ध असतात, त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : प्रवाशांनी लिहिलेली वर्णने, छायाचित्रे, आणि सामान्य माणसांनी सांगितलेल्या रोजच्या हकीकती. इतिहासाचे अभ्यासक ह्या तिन्हींचा उपयोग करतात; परंतु पुष्कळदा पहिल्या दोहोंना पुराव्याचा मान मिळतो आणि तिसऱ्याला केवळ रंग भरण्याचे काम दिले जाते. येथे मांडावयाचा मुद्दा असा की, ह्या तिन्ही साक्षीदारांची उभे राहण्याची जागा वेगवेगळी असते, आणि जो तो काय गाळतो हे त्या जागेवरून ठरते. उदाहरणासाठी नंदुरबार आणि त्याच्या परिसराची वाट घेतली आहे. जेथे तेथील साधने अपुरी पडतात, तेथे मुंबई आणि झाशी यांचा आधार घेतला आहे.

२

प्रथम प्रवासवर्णनांचा विचार करू. सुरतेच्या बंदरातून बऱ्हाणपुराकडे जाणारा मार्ग तापीच्या खोऱ्यातून जात असे आणि नंदुरबार हा त्यावरील एक महत्त्वाचा टप्पा होता. आईन-इ-अकबरीत नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते कारभाराचे ठाणे होतेच. सतराव्या शतकात ह्या मार्गाने जाणाऱ्या युरोपीय प्रवाशांपैकी तिघांच्या नोंदी आपल्या विषयाच्या दृष्टीने उपयोगी आहेत.

विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० च्या आरंभी सुरतेहून आग्र्याकडे निघाला. त्याच्या टिपणांचा सारांश १६२५ मध्ये पर्चस याच्या संग्रहात प्रसिद्ध झाला. नंदुरबारविषयी तो मोजकेच सांगतो : हे शहर आहे, त्याच्या अलीकडे पुष्कळ थडगी आणि विलासगृहे आहेत, एक किल्ला आहे आणि एक सुरेख तळे आहे. चारही गोष्टी खऱ्या असतील. परंतु त्या चारही घोड्यावरून न उतरता दिसणाऱ्या आहेत, हे लक्षात घ्यावयास हवे. त्याच मार्गावर, नंदुरबारच्या आधीच्या एका मुक्कामी, त्याने मोहाच्या फुलांपासून काढलेली दारू चाखली आणि ती कढविल्याखेरीज प्रकृतीला मानवत नाही असे लिहून ठेवले. ती कोणी गाळली, कोणी विकली, हे तो सांगत नाही. ज्या फुलावर ह्या डोंगराळ प्रदेशातील माणसांचे अन्न, पेय आणि सण अवलंबून होते, ते फूल वर्णनात आले. ते वेचणारे हात आले नाहीत.

पाच वर्षांनंतर, १६१५ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाताना ह्याच वाटेने गेला. त्याच्या दैनंदिनीतील दोन नोंदी विशेष बोलक्या आहेत. एके दिवशी धान्याने लादलेल्या सुमारे दहा हजार बैलांचा एकच तांडा आपणांस भेटला, आणि लहान तांडे तर बहुतेक रोजच भेटत होते, असे तो लिहितो. प्रदेशाच्या सुबत्तेचा पुरावा म्हणून त्याने ही संख्या दिली आहे. दहा हजार बैलांमागे शेकडो माणसे चालत असली पाहिजेत. ती बहुधा बंजारी असावीत. त्यांच्याबरोबर त्यांच्या बायका, मुले, कुत्री आणि संसार असणार. रो ह्याने बैल मोजले. दुसरी नोंद अन्नाची आहे. सुरत सोडल्यानंतर आपणांस पाव प्रथम मिळाला तो नंदुरबारास; वाटेतील लोक पाव करीत नाहीत, केवळ कणकेच्या चपट्या पोळ्या करतात, असा त्याचा अभिप्राय आहे. वकिलाच्या दृष्टीने ह्या मुलुखात अन्न नव्हते असे नाही. त्याला परिचित असलेल्या नावाचे अन्न नव्हते. भाषेच्या अभ्यासकाला ह्या नोंदीत एक सर्वसामान्य नियम दिसतो : ज्या वस्तूला आपल्या भाषेत नाव नसते, ती वस्तू प्रवाशाच्या वहीत उणीव म्हणून उतरते. आणि तरीही ही नोंद मोलाची आहे, कारण तिच्यावरून एवढे निश्चित कळते की, त्या काळी नंदुरबार हे परक्याच्या गरजेची वस्तू पुरवू शकणारे गाव होते. खेडे आणि शहर यांतील एक भेद येथे नकळत सांगितला गेला आहे.

तिसरा प्रवासी फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए. त्याचा ग्रंथ १६७६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरत–बऱ्हाणपूर मार्गाचे टप्पे देताना तो नवापूर येथे थांबतो. ते विणकरांनी भरलेले मोठे गाव असले तरी तेथील मुख्य व्यापार तांदळाचा, असे सांगून तो त्या तांदळाचे वर्णन करतो : दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजल्यावर भात बर्फासारखा पांढरा, आणि त्याला कस्तुरीचा वास; बडे लोक हाच तांदूळ खातात आणि इराणातील स्नेह्याला त्याची एक गोणी पाठविली तर ती मोठी भेट समजली जाते. हा व्यापाऱ्याचा डोळा आहे. वस्तूचा दर्जा, तिची मागणी आणि ती कोठवर जाते, हे त्याने अचूक टिपले. विणकरांच्या वाट्याला मात्र एक शब्द आला.

ह्या तिघांच्या लेखनात आणखी एक पुरावा दडलेला आहे आणि तो त्यांनी जाणूनबुजून दिलेला नाही. तो म्हणजे गावाच्या नावाचे रूप. फिंच हा ‘नॉनडरबार’ असे काहीसे लिहितो. ताव्हेर्निए ‘नसरबार’ असे लिहितो. पहिल्या रूपात अनुनासिक आहे आणि ते आजच्या लोकोच्चाराशी जुळते. दुसऱ्यात अनुनासिक नाही आणि ‘द’च्या जागी ‘स’ आहे. ह्याचे कारण फार्सी लिपीत शोधावे लागते. त्या लिपीतील ‘दाल’ ह्या अक्षरावर एक नुक्ता दिला की ते ‘झाल’ होते आणि त्याचा उच्चार ‘झ’कडे झुकतो, मोगली दप्तरांत हे नाव ‘नझरबार’ असे वाचले जाण्याचा संभव ह्यातून निर्माण होतो. तसे असेल तर ताव्हेर्निएला हे नाव दप्तर वाचणाऱ्या माणसाकडून कळले आणि फिंचला ते वाटेवर बोलणाऱ्या माणसाकडून कळले, असे अनुमान करता येते. अनुमानापलीकडे त्याला नेऊ नये. परंतु प्रवाशाने गाव कोणाच्या तोंडून ऐकले, हा प्रश्न त्याने गावात काय पाहिले ह्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, हे ह्यावरून ध्यानात येईल.

३

प्रवासी निदान पाहता पाहता बोलतो. छायाचित्र बोलत नाही, म्हणून ते अधिक विश्वसनीय असा एक समज आहे. त्या समजाची परीक्षा छायाचित्रणाच्या जन्मकाळीच झाली होती. फ्रान्समध्ये दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या हमरस्त्याचे चित्र घेतले. प्रकाशाची क्रिया होण्यास काही मिनिटे लागत असल्यामुळे चालणारी माणसे आणि गाड्या काचेसारख्या विरून गेल्या आणि रस्ता निर्मनुष्य दिसू लागला. उमटली ती केवळ एका जागी थांबलेली आकृती : बूट साफ करवून घेणारा एक मनुष्य, आणि त्याच्या पायाशी ते काम करणारा दुसरा. भरलेल्या शहराचे ते चित्र शहर ओस असल्याची साक्ष देते. यंत्राने खोटे सांगितले असे म्हणता येणार नाही. जो थांबला त्याचीच नोंद घेणे हा त्या यंत्राचा धर्म होता.

मुंबईत ही कला फार लवकर आली. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली आणि पुढील वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या पिढीतील दोन महत्त्वाची नावे होत. ह्या कलेचे एतद्देशीय अध्वर्यू परदेशी छायाचित्रकारांच्या बरोबरीने काम करीत होते, ही गोष्ट अभिमानाने नोंदविण्यासारखी आहे. तथापि मुंबईच्या लोकजीवनाचे चित्रण म्हणून त्या काळी जे ग्रंथ गाजले, त्यांची रीत तपासून पाहावी. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील नाना जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील पुष्कळ चित्रांत माणसांचे समूह एका जागी बसवून टिपलेले आहेत आणि पार्श्वभूमीचे दृश्य दुसऱ्या चित्रातून आणून जोडलेले आहे. माणसे खरी, जागाही खरी; त्या माणसांचे त्या जागी असणे तेवढे खरे नाही. शहरी जीवन म्हणजे विशिष्ट माणसाने विशिष्ट जागी विशिष्ट वेळी असणे, अशी व्याख्या केली तर ह्या चित्रांत शहर नेमके त्या जोडावर हरवलेले आढळते.

मराठीने छायाचित्राविषयी बोलण्याची जी रीत पत्करली, तीही विचार करण्यासारखी आहे. आपण फोटो ‘काढतो’, जसे चित्र काढतो. येथे कर्ता स्पष्ट आहे. परंतु काढून झाल्यावर आपण म्हणतो, ‘फोटो चांगला आला’, ‘तो फोटोत आला नाही’. क्रियापद अकर्मक झाले आणि काढणारा वाक्यातून निघून गेला. जणू चित्र आपण होऊन आले. अभ्यासकाने छायाचित्र हाती घेताच पहिले काम करावयाचे ते हे की, ह्या वाक्याला त्याचा कर्ता परत द्यावा : कोणी काढला, कोठे उभे राहून काढला, कोणासाठी काढला.

हा नियम केवळ जुन्या चित्रांपुरता नाही. नंदुरबार हे लाल मिरचीच्या बाजाराचे प्रसिद्ध ठिकाण आहे. हंगामात ओली मिरची बाजारात येते आणि शहराच्या आसपासच्या मोकळ्या जागांवर वाळत घातली जाते. ह्या जागांना तेथे ‘पथारी’ म्हणतात. लाल रंगाने भरलेल्या पथारीचे छायाचित्र दरवर्षी कोठे ना कोठे प्रसिद्ध होते आणि ते सुंदरही असते. त्यात वाकलेल्या स्त्रिया दिसतात. त्यांचा ठसका दिसत नाही, डोळ्यांची आग दिसत नाही, मजुरी किती आणि ती कोणत्या हिशेबाने मिळते हे दिसत नाही, आणि अवेळी पाऊस आला की पथारीवरचा माल आणि रोजगार दोन्ही एका रात्रीत कसे जातात, हेही दिसत नाही. रो याचे दहा हजार बैल आणि ही पथारी यांत चार शतकांचे अंतर आहे. पाहण्याची जागा मात्र फारशी बदललेली नाही.

दुसरे उदाहरण नवापूर रेल्वे स्थानकाचे. ताव्हेर्निएच्या वाटेला धरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्याचा लोहमार्ग बांधण्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी झाली तेव्हा सीमारेषा ह्या स्थानकातून गेली. आज तेथील एका बाकाचा अर्धा भाग एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्या राज्यात आहे आणि त्यावर बसून छायाचित्र काढून घेणे हा उतारूंचा आवडता उद्योग आहे. सीमा दृश्य झाली ती बाकावर. परंतु त्या स्थानकावर सूचना चार भाषांत द्याव्या लागतात, ही गोष्ट छायाचित्रात येऊ शकत नाही. आणि सीमेचे जीवन बाकापेक्षा त्या चार भाषांत अधिक आहे. ती ऐकावी लागते.

४

ऐकावयाचे साधन म्हणजे हकीकत. हा अरबी मूळ असलेला शब्द मराठीत फार जुना आहे. मुळात त्याचा अर्थ ‘सत्य’. मराठीत त्याला ‘घडले ते सांगणे’ असा अर्थ आला. पेशवेकालीन पत्रव्यवहार ह्या शब्दाने भरलेला आहे. सत्य आणि सांगणे यांना एकच शब्द वापरणाऱ्या भाषेने सांगणाऱ्यावर मोठी जबाबदारी टाकली, असे म्हणावयास हरकत नाही.

शहरात राहून शहराची हकीकत सांगण्याचा मोठा मराठी प्रयत्न म्हणजे गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३). जॉन्सनचा पहिला खंड ज्या वर्षी निघाला, त्याच वर्षी हा ग्रंथ निघाला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. एकाच शहराकडे एकाच काळी दोघे पाहत होते : एक जातींचे नमुने गोळा करीत होता, दुसरा रस्ते, तळी, देवळे, व्यापार आणि नवी आगगाडी यांच्यामधून वावरणाऱ्या माणसांविषयी सांगत होता. पाच वर्षांनी, १८६८ मध्ये, ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. मराठीत शहर हा स्वतंत्र लेखनविषय झाला तो ह्या दशकात.

परंतु प्रवास आणि हकीकत यांचा संगम पाहावयाचा तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्याकडे वळले पाहिजे. १८५७ मध्ये द्रव्यार्जनाच्या आशेने ते उत्तरेस निघाले, महूच्या छावणीजवळ बंडाच्या वार्तेने गाठले गेले आणि पुढे झाशीच्या वेढ्यात सापडले. शहरात ते प्रवासी म्हणून शिरले. वेढा पडल्यावर बाहेर जाता येईना तेव्हा रहिवासी झाले. म्हणूनच त्यांच्या झाशीत राणीच्या शौर्याइतकीच पाण्याची टंचाई आहे, लपण्याच्या जागा आहेत, लूट आहे आणि जळणाऱ्या ग्रंथालयाचे दुःख आहे. फिंच याने दुरून पाहिलेल्या किल्ल्याच्या आत काय असू शकते, ते येथे कळते.

ह्या ग्रंथाचा छपाईचा इतिहासही आपल्या विषयाला धरून आहे. मूळ हस्तलिखित मोडीत होते. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला, तेव्हा काळाची भीड आणि भाषेची शुद्धता यांसाठी त्यात पुष्कळ फेरफार केले. मूळ पाठ वाचकांपुढे आला तो १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनामुळे. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे महाराष्ट्र एका भटजीची हकीकत दुसऱ्याच्या संस्कारित भाषेत वाचत होता. वैद्यांच्या उपकाराविषयी शंका नाही. त्यांच्यावाचून ग्रंथ उजेडात आला नसता. परंतु हकीकत सुधारून घेण्याची आपली सवय किती जुनी आहे, हे ह्यावरून दिसते.

खानदेशात ही सवय अधिक महाग पडते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा भिल्ल भाषा आणि खानदेशी यांना वाहिलेला खंड १९०७ मध्येच निघाला. त्या सर्वेक्षणात नमुना म्हणून प्रत्येक बोलीत प्रथम बायबलातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त भाषांतरित करवून घेत आणि स्थानिक गोष्ट किंवा निवेदन त्यानंतर घेत. तुलनेच्या शास्त्रासाठी एकच मजकूर आवश्यक होता, हे मान्य केले पाहिजे. तरी परिणाम असा झाला की, ह्या बोलींचा छापील संसार एका दूरदेशच्या गोष्टीने सुरू झाला. अहिराणी, मावची, पावरी, देहवाली, गुजरी बोलणाऱ्या माणसाने बाजारच्या दिवशी काय पाहिले, हे विचारण्याचे काम मागे राहिले.

नंदुरबारच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत ज्ञात प्रसंगही भाषेच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमारचे वय तेव्हा अवघे पंधरा होते. त्या मिरवणुकीतील घोषणा गुजरातीत होती, ही आठवण तेथे आजही सांगितली जाते. १६१५ मध्ये रो ह्याला ज्या वाण्यांनी कापावयास जनावर विकले नाही, त्या व्यापारी वाटेची भाषा १९४२ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा होऊन त्याच गावाच्या बाजारपेठेतून उठली. ही सलगता कोणत्याही प्रवासवर्णनात सापडत नाही. ती हकीकतीत टिकली.

५

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा धुळ्यापासून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख. तीत नागरी लोक शंभरात सतराच्या आसपास, आणि अनुसूचित जमातींचे लोक सुमारे ६९. नंदुरबार शहराची लोकसंख्या तेव्हा सुमारे एक लाख अकरा हजार होती. ह्या आकड्यांचा अर्थ असा की, तेथील बाजार, कचेऱ्या, दवाखाने, महाविद्यालये, बसस्थानक ही ज्यांच्यामुळे भरतात, त्यांतील फार मोठा वर्ग रात्री शहरात नसतो. जनगणना माणसाला तो जेथे राहतो तेथे मोजते. म्हणून शहराच्या दिवसाचा आकडा तिच्यात नाही. अशा शहराचे जीवन केवळ रहिवाशांच्या तोंडून ऐकले तर ते अर्धे ऐकल्यासारखे होईल.

येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाचे शहर कसे असते, ह्याची खूण मराठीच्या विभक्तींत आहे. आपण ‘बाजारात जातो’ आणि ‘बाजाराला जातो’. पहिल्या प्रयोगात बाजार ही जागा आहे. दुसऱ्यात ते कार्य आहे, वार आहे, देणेघेणे आहे. तसेच ‘गावाला गेला’ म्हणजे बाहेरगावी गेला; आणि शहराच्या कडेला राहणारा ‘गावात जाऊन येतो’ म्हणतो, तेव्हा त्याला शहराचा जुना मध्यभाग अभिप्रेत असतो. प्रवासी आणि छायाचित्रकार यांचे शहर सप्तमीतले असते. रोज येणाऱ्याचे शहर चतुर्थीतले असते. तो शहराला जातो ते काही करावयास. आणि जे करतो त्यानेच शहर घडत असते.

ह्या दृष्टीने पाहता कोरीटसारख्या गावाहून शहरात येणारा माणूस हाही प्रवासीच आहे. फिंच ह्या वाटेने एकदा गेला. हा वर्षातून शेकडो वेळा जातो. भाव कसे बदलले, कोणती कचेरी कोठून कोठे गेली, पूर्वी ज्या दुकानाच्या ओट्यावर बसू देत तेथे आता का बसू देत नाहीत, आपली बोली कोणत्या खिडकीपाशी चालते आणि कोठे ती गिळून प्रमाण मराठी बोलावी लागते, हे सर्व त्याला ठाऊक असते. ह्यांतील शेवटची गोष्ट कोणत्याही दप्तरात नाही. ज्या पिढीने बैलगाडीने, मग लाल गाडीने आणि मग स्वतःच्या दुचाकीने हे शहर गाठले, ती पिढी अजून सांगू शकते. आणखी वीस वर्षांनी विचारावयास गेलो तर सांगणारे सापडणार नाहीत, आणि सापडले तरी ज्या बोलीत ते सांगितले जावयाचे ती कदाचित पातळ झालेली असेल.

पुढल्या वर्षी प्रस्तुत लेखकाने वर्गाला दिलेला विषय बदलला. ‘तुम्ही शहरात कोणत्या नाक्यावरून शिरता आणि परत फिरेपर्यंत काय काय करता ते लिहा,’ एवढेच सांगितले. कोरा कागद एकही आला नाही. बसचा पास, उन्हात उभे राहण्याची जागा, झेरॉक्सच्या दुकानातील ओळख, आईने सांगितलेले औषध, शेवटची गाडी चुकली तर कोणाकडे जावयाचे : अशा तपशिलांनी पाने भरली. त्यांतील पुष्कळ वाक्ये अहिराणी वळणाची होती. ती दुरुस्त करण्याचा मोह झाला. वैद्य आणि पोतदार यांची आठवण होऊन तो आवरला.

ह्या पानांना लगेच इतिहास म्हणावे, असे सुचवावयाचे नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याचीही उभे राहण्याची एक जागा असते आणि तोही काही गाळतो. त्याला शहराची रात्र ठाऊक नसते. घरांचे अंतरंग ठाऊक नसते. आपल्या अपमानाच्या जागा तो कधी वाढवून सांगतो, कधी लाजेने लपवितो. म्हणून जो प्रश्न फिंचला आणि जॉन्सनला विचारला, तोच त्यालाही विचारला पाहिजे : कोठे उभे राहून पाहिले, कोणाकडून ऐकले, कोणासाठी सांगितले आणि मध्ये कोणाचा हात फिरला. ह्या चार प्रश्नांची उत्तरे लिहिल्याखेरीज कोणतेही वर्णन, चित्र किंवा हकीकत साधन म्हणून वापरू नये. आणि ती लिहिली की मग प्रवाशाचा बैल, छायाचित्रातील पथारी आणि विद्यार्थ्याचा बसचा पास यांत मानाची उतरंड लावण्याचे कारण उरत नाही. तिघेही आपापल्या जागेवरून एकाच वाटेविषयी बोलत असतात.

आपल्या विभागातील विद्यार्थी निरनिराळ्या गावांहून येतात. प्रत्येक शहराला असे चार-सहा नाके असतात आणि प्रत्येक नाक्याला कोण्या गावाचे नाव असते. त्या नाक्यापासून आरंभ करून त्या गावातील वडीलधाऱ्यांच्या हकीकती त्यांच्याच बोलीत उतरून घ्याव्यात, सांगणाऱ्याची संमती घ्यावी, सांगण्याची तारीख आणि जागा टिपावी, आणि त्यांची भाषा होती तशी ठेवावी. ह्या कामास अनुदान लागत नाही. एक वही आणि परतीच्या गाडीपर्यंतचा वेळ पुरतो.